आवाज खरा पायजे

आमच्या कॉलनीत कुणी नवा टीव्ही आणला की शेजाऱ्यापाजाऱ्यांना चहाला बोलवायचे आणि विचारायचे, "आवाज कसा वाटतो?" उत्तमराव भुतेकरांना मात्र हा प्रश्न कुणी विचारत नसे. समोरच्या साळव्यांनी एकदा विचारला होता. उत्तमराव त्या टीव्हीसमोर उभे राहिले, डोळे मिटले, मान एकदा डावीकडे झुकवली, एकदा उजवीकडे झुकवली आणि मयताच्या घरी बोलतात तशा सुरात म्हणाले, "चित्र चांगलं हाये." साळवे वहिनींना त्या टीव्हीवर पुढे कधी नीट मालिका बघवली नाही.

मी बँकेत बदली होऊन नवीन जालन्यात आलो तेव्हा भाड्याचं घर मिळालं ते उत्तमरावांच्या भिंतीला भिंत लागून. उत्तमराव एका बियाणे कंपनीत होते. बदनापूरच्या रस्त्याला कंपनीचं प्रक्रिया केंद्र होतं, तिथे शेतातून आलेलं बी चाळायचं, निवडायचं, पोत्यात भरायचं काम चाले. त्या केंद्राचे ते प्रमुख म्हणून निवृत्त झाले. उंच, सावळे, पांढरा सदरा, खिशात कायम एक मऊ फडकं. ते फडकं गाण्याच्या तबकड्या पुसण्यासाठी होतं. चष्मा पुसायला ते सदऱ्याचं टोक वापरत.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला हाक मारली. मला ते कधी नावाने हाक मारत नसत. "शेजारी, मोकळे हायेत का? या, कान धुऊन घ्या."

घरातली सगळ्यात मोठी खोली त्यांनी गाण्यासाठी ठेवली होती. तिन्ही भिंतींना वाकळी टांगलेल्या, कोपऱ्यात कापसाने गच्च भरलेली पोती, समोर माझ्या छातीएवढे दोन लाकडी स्पीकर. मधोमध एकच खुर्ची. मी सवयीने तिच्याकडे वळलो तर त्यांनी हात आडवा धरला.

"तिथं न्हाई. तिथं मी बसतो. साऱ्या घरात आवाज खरा फकस्त तेवढ्या जागेवर येतो."

"मग मी कुठे बसू?"

"खाली बसा. तुम्हाला अजून खऱ्याची सवय न्हाई, चालून जाईल."

मी वाकळीला टेकून बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा जॅझ ऐकला. म्हणजे ऐकू दिला तेवढा ऐकला. एक पितळी वाद्य काहीतरी दुःखाचं सांगायला लागलं की उत्तमराव बोट वर करून म्हणायचे, "आत्ता!" मी कान टवकारायचो, तोवर ते म्हणायचे, "गेलं." मग ते उठून डावा स्पीकर बोटभर सरकवायचे, सुई परत मागे ठेवायचे आणि ते दुःख पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. इतक्या वर्षांत त्या खोलीत मी एकही चीज अखेरपर्यंत ऐकली नाही. एखादी शेवटाला पोचणार असं वाटलं की त्यांना तिच्यात काहीतरी खोटं सापडे.

हा नाद त्यांना लागला तो कंपनीने तरुणपणी युरोपात प्रशिक्षणाला पाठवलं तेव्हा. गाव बारकं, थंडी भयंकर, भाषा येईना. ते ज्या म्हाताऱ्याकडे भाड्याने राहत तो संध्याकाळी तबकड्या लावत बसे. "मला तिथं दिवसभर कुणी बोलायचं न्हाई शेजारी," ते एकदा म्हणाले. "मंग हे बाजे बोलायचे. एकजण मूळ चाल सांगतो. दुसरा म्हणतो, थांब, आता माझ्या रानात पेरून दाखवतो. बी एकच, पण याच्या काळ्या जमिनीत वेगळं येतं, त्याच्या मुरमाड जमिनीत वेगळं येतं. मी म्हटलं, अरे, हे तर आपलंच काम हाये." प्रशिक्षणाहून लोक घड्याळं आणि परफ्यूम आणत त्या काळात त्यांनी चार बॅगा भरून तबकड्या आणल्या. घरी सगळ्यांना वाटलं, बियाण्याचे नमुने असतील. आष्टीहून लेकीच्या संसाराची चौकशी करायला आलेल्या सासऱ्यांनी एक तबकडी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "हे कवा उगवतं?"

उत्तमरावांना हे सगळे विनोद माहीत होते. त्यांना राग फक्त एका गोष्टीचा येई. कुणी म्हणालं की "आम्हालाही गाणी आवडतात, काम करता करता ऐकतो," की ते शांतपणे म्हणत, "त्याला ऐकणं म्हणत न्हाईत. ते कानावर पडणं हाये."

त्यांच्या लाडक्या तबकड्या कुठल्यातरी परदेशी गावातल्या हॉटेलात, लोक जेवत-पीत असताना मुद्रित केलेल्या होत्या. आवाज खरा असला की त्यात वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येई, खुर्चीची करकर ऐकू येई, मागे कुणाच्या पेल्यांचा किणकिणाट ऐकू येई. "ऐकलं का? पेला ठिवला टेबलावर! डाव्या अंगाला, मागून दुसऱ्या टेबलावर!" असं म्हणताना त्यांचं तोंड उजळून निघे. त्याच वेळी कावेरीकाकू चहा घेऊन आल्या आणि कपबशी जराशी वाजली की ते दात दुखल्यासारखे कळवळत. काकू मग कपाखाली नॅपकिन ठेवून चहा आणू लागल्या. कोण कुठल्या देशातली मेलेली माणसं दारू पिताना आवाज करत होती, आणि त्यांच्या मानासाठी जालन्यात चहा मुका झाला होता.

कावेरीकाकूंबद्दल थोडं सांगायला हवं. बसक्या बांध्याच्या, मोठ्या आवाजाच्या, आष्टीच्या शेतकऱ्याच्या लेक. गाण्याच्या खोलीत त्या झाडू मारायला आणि चहा द्यायलाच जात. पण स्वयंपाकघर खोलीला लागून होतं, आणि भाकरी थापताना त्यांच्या तोंडून कधीकधी एखादी आडवळणाची सुरावट निघे. ती अभंगाची नसे, सिनेमाचीही नसे. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "काय की बाई. इतके वर्षं भिंतीतून येऊन राह्यलं. आटा मळताना बरं पडतं." त्यांच्या पुण्याईने मला त्या चिजांचे शेवट कळले.

उत्तमरावांचा जन्माचा वैरी म्हणजे एक घूं. संगीत थांबलं की स्पीकरमधून अगदी बारीक घूं येतो, असं त्यांचं म्हणणं. मला तो कधी ऐकू आला नाही. त्यांनी त्याच्यापायी फ्रिज बंद केला, दूध नासलं. मे महिन्यात पंखा बंद केला, मी घामाने भिजून ऐकत बसलो. मग कुणीतरी त्यांना सांगितलं की दोष अर्थिंगचा आहे. त्यांनी अंगणात खोल खड्डा घेतला, त्यात तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ घातलं आणि रोज सकाळी त्यात घागरभर पाणी ओतायला सुरुवात केली. जमीन ओली राहिली की आवाज स्वच्छ राहतो.

यात चूक काहीच नव्हती. फक्त तो उन्हाळा होता, आणि जालन्यात त्या उन्हाळ्यात नळाला पाणी येणं ही बातमी होती. टँकर आला की सगळी कॉलनी घागरी घेऊन पळायची. त्या रांगेत निवृत्त प्रमुख उत्तमराव भुतेकर उभे राहत, घागर भरून आणत आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खड्ड्यात ओतत.

साळवे वहिनींना टीव्हीचा राग होताच. त्या फाटकापाशी येऊन म्हणाल्या, "भुतेकर साहेब, इथं माणसाला प्यायला पाणी न्हाई आन तुम्ही जमिनीला पाजून राह्यले?"

"वहिनी, माझ्या वाट्याचं पाणी हाये. मी आंघोळ एक दिवसाआड करून राह्यलो."

"कळून राह्यलं," वहिनी म्हणाल्या आणि पदर नाकाला लावून गेल्या.

प्रकरण वाढणार होतं. काकूंनी दुसऱ्या दिवशी ते काम स्वतःकडे घेतलं. "तुम्ही बसा, मी ओतत जाईन." त्या दिवसापासून खड्ड्यात भांडी घासलेलं आणि तांदूळ धुतलेलं पाणी जाऊ लागलं, आणि घागर घरातल्या माठात. आठवडाभराने उत्तमरावांनी मला बोलावून घेतलं. डोळे मिटून म्हणाले, "ऐका. फरक वाटून राह्यला का? ताज्या पाण्याचा गुण हाये. आवाज कसा निवळला!" दारात काकू पदराने तोंड पुसत उभ्या होत्या.

मग त्यांच्या लेकीचं, मनीषाचं लग्न. डीजे आणायचा नाही, आपले स्पीकर न्यायचे, असं त्यांनी ठरवलं. नवरदेव आष्टीचाच, काकूंच्या माहेरच्या ओळखीतला. कार्य तिकडेच होतं. टेम्पोत मनीषाला द्यायच्या गाद्या होत्या त्यांवर स्पीकर निजवले आणि फ्रिज उघड्यावर उभा केला. कार्यालयात पोचल्यावर उत्तमराव हॉलच्या कोपऱ्याकोपऱ्यात उभे राहून टाळी वाजवू लागले. टाळी किती घुमते त्यावरून हॉलचा अंदाज येतो. पण दर टाळीला एक वाढपी धावत यायचा, "जी साहेब, काय आणू?" शेवटी वाढप्यांनी ठरवलं की मुलीचे वडील फार तापट आहेत.

पंगत बसली आणि उत्तमरावांनी सुई ठेवली. त्यांनी त्या प्रसंगासाठी मुद्दाम निवडलेली एक संथ चीज होती. पत्र्याच्या छताखाली तो सॅक्सोफोन असा काही हंबरला की पंगतीतले घास हातात राहिले. बुंदीची टोपली घेतलेला माणूस जागीच थांबला. नवरदेवाचे चुलते खुर्चीतून उठले, उत्तमरावांजवळ आले, टोपी काढून हातात घेतली आणि हळूच विचारलं, "व्याही, घरून काही निरोप आला का? कुणी गेलं का?"

उत्तमरावांनी सुई उचलली. कुणीतरी पटकन जाऊन गावातला डीजे आणला. उत्तमराव स्पीकरांसोबत टेम्पोत जाऊन बसले, काचा वर करून. पाठवणीच्या वेळी मनीषाला शालू सावरत टेम्पोपर्यंत चालत यावं लागलं. तिने काचेवर टकटक केली. त्यांनी दार उघडलं आणि खाली उतरायचं भान न राहता तसेच बसल्या जागी तिला जवळ घेऊन रडले. डीजे तेव्हा दहा पावलांवर धडधडत होता. नंतर एकदा मी त्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "डीजे? तवा बंद होता ना?"

निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांनी उत्तमरावांची तक्रार बदलली. घूं नाहीसा झाला होता. त्याचा त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण घूंबरोबर आणखी काहीतरी गेलं होतं.

"झांजा मेल्या," ते म्हणाले. "ड्रमवाल्याच्या झांजा. वरची छनछन पार गेली. जसं कुणी स्पीकरवर घोंगडं टाकलं."

त्यांनी तारा बदलल्या. सुई बदलली. संभाजीनगरहून एक कारागीर आला, त्याने स्पीकर खोलून पाहिले आणि म्हणाला, सगळं बराबर आहे. उत्तमराव त्याला म्हणाले, "तुम्ही बहिरे हायेत." तो हत्यारं पेटीत भरून निघून गेला. मग त्यांनी वीज मंडळाला अर्ज केला की आमच्याकडे येणारी वीज पूर्वीसारखी राहिली नाही. शेवटी त्यांनी पुण्याच्या एका विक्रेत्याशी फोनवर बोलणी केली. तो जुने स्पीकर घेऊन जाणार आणि नवे, आणखी मोठे देणार होता. तो येण्याच्या आदल्या दुपारी काकू माझ्या दारात आल्या.

"शेजारी, काल तुम्ही ऐकायला बसले होते. तुम्हाला येती का ऐकू ती छनछन?"

"येते."

"स्वच्छ?"

"स्वच्छ येते, काकू."

त्या माझ्या ओट्यावर बसल्या. "मलाबी येती. आधी कुकरची शिट्टी झाली की वरडायचे, बंद कर म्हणून. वर्ष झालं, वरडत न्हाईत. मला वाटलं, माणूस सुधारला." त्या हसल्या नाहीत. "परवा दारावरची बेल वाजली, ह्यांच्या डोक्यावर हाये ती बेल. हलले न्हाईत."

"मग सांगा ना त्यांना."

"काय सांगू? तुमचं दुसरं काहीबी गेलं असतं तर सांगितलं असतं."

दुसऱ्या दिवशी पुण्याचा माणूस टेम्पो घेऊन आला. स्पीकर उचलायला दोन जण लागत म्हणून उत्तमरावांनी मला बोलावलं होतं. उत्तमरावांनी फडक्याने स्पीकर पुसले, अगदी पाठीमागूनही. मी वाकून एक बाजू धरली, तेवढ्यात काकू खोलीत आल्या आणि स्पीकरला पाठ लावून उभ्या राहिल्या. हात पिठाचे होते.

"हे जायचे न्हाईत."

"कावेरी, बाजूला व्हय. त्यांच्यात दम न्हाई राह्यला."

"त्यांना काही झालेलं न्हाई."

"मंग झांजा कुठं गेल्या?"

"कुठंच गेल्या न्हाईत," काकू म्हणाल्या. त्यांचा मोठा आवाज त्या दिवशी आणखी मोठा होता, कारण त्यांना तो तसा काढावा लागत होता. "मला येऊन राह्यल्या ऐकू. शेजाऱ्याला येऊन राह्यल्या. त्या साळवीणीला तिच्या घरात येऊन राह्यल्या. तुमचे कान गेलेत."

उत्तमरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्पीकरची बाजू सोडून दिली, तेवढ्यावर त्यांना काय समजायचं ते समजलं. पुण्याचा माणूस म्हणाला, "साहेब, मी खाली थांबतो," खरं तर घर तळमजल्यावरच होतं. उत्तमराव खुर्चीत बसले. खिशातलं फडकं काढलं आणि चष्मा पुसला. बराच वेळ पुसत राहिले.

त्यानंतर आठ-पंधरा दिवस ते काकूंशी बोलले नाहीत. भिंतीपलीकडून तबकडीचा आवाजही आला नाही. कॉलनीला ती शांतता इतकी चमत्कारिक वाटली की खुद्द साळवे वहिनींनी मला विचारलं, "साहेबांची तब्येत बरी हाये ना?" मग एका सकाळी उत्तमराव फाटकात उभे दिसले. "शेजारी, स्टेशनजवळ कानाचा डॉक्टर हाये म्हणतात. येता का संगं?"

तपासणीच्या बंद खोलीत बसायच्या आधी त्यांनी टाळी वाजवून पाहिली. बाहेर आल्यावर डॉक्टरांना म्हणाले, "तुमच्या खोलीत घुमतंय. वाकळी लावा." डॉक्टरांनी तपासणीचा आलेख पुढे ठेवला. डावीकडे, खालच्या सुरांना, रेघ ठीक होती, उजवीकडे, वरच्या सुरांना, कड्यावरून पडावी तशी खाली गेलेली. उत्तमरावांनी जन्मभर दुकानदारांकडे प्रत्येक स्पीकरचा असा आलेख मागितला होता. त्यांनी तो चष्मा वर करून, अगदी आवडीने वाचला.

"हा स्पीकर असता तर मी घेतला नसता," ते म्हणाले.

डॉक्टरांनी विचारलं, नोकरी कुठे होती. केंद्रातल्या मशिनींची माहिती ऐकून त्यांनी मान हलवली. बी चाळणाऱ्या त्या मशिनींच्या धडधडाटात उत्तमराव पस्तीस वर्षं उभे होते. कामगारांनी कानात बोळे घालावेत म्हणून तेच दम देत. स्वतः घालत नसत, कारण बोळे घातले की मशिनीतला बिघाड ऐकू येत नाही. त्या नोकरीच्या पगारातून ते स्पीकर आले होते, आणि त्याच नोकरीने ते ऐकायचे कान परत नेले होते. वाटेत रिक्षात तेच म्हणाले, "हिशेब बराबर झाला."

कानाचं यंत्र त्यांनी घेतलं. माणसांशी बोलताना लावत. काकूंशी बोलणं पुन्हा सुरू झालं ते त्यामुळेच. पण यंत्रातून संगीत ऐकलं की ते पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखं वाटे. "हे मशीन माणसांसाठी ठीक हाये," ते म्हणत. "माणसाचा आवाज काय, खरा असला न्हाई असला तरी चालतो."

पुढच्या वर्षी माझी परभणीला बदली झाली. सामान गाडीत भरून झालं आणि मी दुपारी त्यांचा निरोप घ्यायला गेलो. फाटकापाशीच काकूंचा आवाज ऐकू आला. मला वाटलं, भांडण चाललंय, म्हणून मी दारातच थांबलो.

गाण्याच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. तबकडी फिरत होती. कानाचं यंत्र खिडकीत काढून ठेवलेलं. उत्तमराव डोळे मिटून बसले होते, आणि काकू त्यांच्या पायांशी लसूण सोलत, त्यांच्या कानाकडे तोंड करून मोठमोठ्याने सांगत होत्या.

"आता तो पिपाणीवाला थांबला. आता फकस्त झांजवाला हाये. लई हळू. छन न्हाई करत. नुसतं सर्र... सर्र..."

"तारांच्या ब्रशनं वाजवून राह्यला तो," उत्तमराव म्हणाले. "कसं वाटून राह्यलं, नीट सांग."

काकूंनी हातातली पाकळी तशीच धरून ऐकलं. "पत्र्यावर कुणी ज्वारी सांडून राह्यलं तसं."

"ज्वारी?" उत्तमरावांनी डोळे उघडले. कपाळाला आठी पडली. "ज्वारी इतकी बारीक न्हाई सांडत. बराबर ऐक."

काकूंनी मान स्पीकरकडे वळवली. मीही दारात उभा राहून ऐकू लागलो.

"बाजरी," काकू म्हणाल्या. "बाजरी हाये."

"हां," उत्तमराव म्हणाले, आणि पुन्हा डोळे मिटून घेतले. "मंग बराबर हाये. पुढं?"